दार उघडं असेल तर

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एक उभा चौकोन काढला, त्याला मधोमध रेघ मारली आणि म्हणाल्या, "ही लिफ्ट. हसू नका, चित्रकलेत मी कायम नापास." वर्ग हसला. शेवटच्या बाकावर खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याची पेन्सिल मात्र वहीवर टेकल्या जागी थांबली. बाईंनी चौकोनाशेजारी दोन अक्षरं लिहिली. द आणि थ. "द म्हणजे दार उघडं आहे. थ म्हणजे लिफ्ट थांबलेली आहे. नियम असा, की जर द, तर थ. आता सांगा, दार बंद आहे. लिफ्टचं काय?" पुढून चारपाच जण एकदम ओरडले, "चालू!" बाईंनी कपाळावर हात मारला. "पडलात. दर वर्षी सगळे इथंच पडतात. अहो, दार बंद असेल तर काय होतं याबद्दल नियम तोंडच उघडत नाही. हलेल, नाही हलेल. नियम मोडतो फक्त एकाच वेळी, दार सताड उघडं आणि लिफ्ट चाललीय. तेवढ्या वेळी मेकॅनिकला फोन करायचा. बाकी तिन्ही वेळा त्या बिचाऱ्याला जेवू द्यायचं." वर्ग पुन्हा हसला. म्हाताऱ्यानं मात्र पेन्सिल खाली ठेवली. ते शेवटचं वाक्य त्याचं होतं. जेवू द्यायचं, इथपर्यंत त्याचं.

सदतीस वर्षांपूर्वी तो ते बोलला होता, आणि बोलला तेव्हा तो याच विद्यापीठाच्या दुसऱ्या एका इमारतीत, अडकलेल्या लिफ्टच्या टपावर मांडी घालून बसला होता. आत एक मुलगी अडकली होती. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, एकटीच. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं हे त्यांच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, कारण माणूस घाबरला की दार ओढायला लागतो आणि मग सगळंच अवघड होतं. म्हणून तो वरून म्हणाला, "ताई, दाराला हात लावू नका. दार उघडं असलं की ही हलतच नाही." खालून आवाज आला, "आणि दार बंद ठेवलं तर हलेल?" तो म्हणाला, "तसं मी म्हटलं नाही. बंद ठेवलं तर हलेल, नाही हलेल, ते दुसऱ्या गोष्टींवर आहे." खाली जरा वेळ काहीच नाही. त्याला वाटलं, रडतेय की काय. मग हसण्याचा आवाज आला. "मेकॅनिक, तुम्हाला ठाऊक आहे का, आत्ता चाळीस मुलांना तासभर मी हेच समजावत होते आणि एकालाही कळलं नाही?" मग तिनं विचारलं, नियम मोडला हे तुम्हाला कळतं कधी, आणि त्यानं मेकॅनिकला जेवू द्यायचं ते सांगितलं. पाऊण तासानं दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला खडू होता आणि त्याच्या हाताला ग्रीस, त्यामुळे नमस्कार लांबूनच झाला.

पुढे त्यांचं लग्न झालं, आणि ती गेल्याला आता सात महिने झाले होते. ती तर्कशास्त्र शिकवायची, एवढं त्याला माहीत होतं. घरात तो विषय अवजड सामानासारखा एका कोपऱ्यात असायचा, कुणाच्या पायात न येता. ती जेवणाच्या टेबलावर वह्या तपासायची आणि तो समोर बसून लिफ्टच्या दाराचे विजेचे कॉन्टॅक्ट कानशीनं घासायचा. दोघांच्याही कामाचा बारीक खर्रखर्र आवाज यायचा. कधी ती मान वर न करता म्हणायची, "अरे मेकॅनिक, हा गाढव सिद्ध करायचं तेच गृहीत धरतोय." तो म्हणायचा, "मग बदलून टाक त्याला." एवढंच. संसारात राहून ते बोलत आले. संसाराबद्दल असं वेगळं कधी बोलले नाहीत. त्याची गरज पडली नाही, असं त्याला तेव्हा वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्याला सलत होती. ती निवृत्त व्हायच्या दिवशी तिचा शेवटचा तास होता आणि आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "उद्या येतोस का? बस मागे कुठंतरी." तो म्हणाला, "मला त्यातलं काय कळणार? लिफ्ट बंद पडली तर बोलव." हसत म्हणाला होता. तिनं चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका इमारतीतून फोन आला, एक आजी अडकल्यात म्हणून. तो गेला. खरं म्हणजे त्या दिवशी दुसरे दोघे मोकळे होते, कुणालाही पाठवता आलं असतं. आजी वीस मिनिटांत बाहेर आल्या. उरलेला दीड तास तो मशीनरूममध्ये उगाच मोटरीला तेल देत बसला. शिकलेल्या माणसांच्या खोलीत शिरायची त्याला आयुष्यभर भीती होती, आणि ती भीती झाकायला आजी अगदी वेळेवर अडकल्या होत्या. तिला हे कळलं होतं की नाही, ते त्याला आता कधीच कळणार नव्हतं. तिला एवढं सगळं कळायचं, हे कसं कळलं नसेल?

आणि मग ती वही. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलच्या खाटेवर ती रोज सकाळी वहीत लिहायची. औषधानं हात जड व्हायचा, अक्षर खाली घसरायचं, तरी लिहायची. तो विचारायचा, "काय लिहितेस?" ती म्हणायची, "काम आहे." सहाव्या मजल्यावरून तपासणीला तळमजल्यावर न्यायचे तेव्हा तिथली लिफ्ट दर वेळी दोन बोटं खाली थांबायची आणि स्ट्रेचरचं चाक धाडकन आपटायचं. तो दात-ओठ खायचा. ती डोळे मिटूनच म्हणायची, "तुमच्या खात्याची तक्रार आहे बरं का." चौथ्या खेपेला त्यानं तिथल्या लिफ्टवाल्याला बाजूला घेतलं, त्याच्याबरोबर वर जाऊन ब्रेकची पट्टी बघितली, आणि पाचव्या खेपेला चाक लोण्यासारखं आत गेलं. तिनं डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, चाक आपटायचं तेवढ्या उंचीची. नंतर आठ दिवसांत संपलं सगळं.

घरी आल्यावर त्यानं वही उघडली ती एकदम शेवटच्या पानावर. माणसाचं शेवटचं बोलणं शेवटीच असणार, असा त्याचा हिशेब. त्या पानावर वर तीन ओळी होत्या, अक्षरं आणि बाण. खाली एक उभी रेघ, रेघेच्या आत प, मग श, मग क. रेघ तशीच पानाच्या तळापर्यंत उतरत गेली होती. बस. एक शब्द नाही. त्यानं वही मिटली आणि अवजारांच्या पिशवीत, पान्ह्यांच्या खाली ठेवली. त्याला वाटलं, शेवटपर्यंत ती आपल्या कामातच होती. विद्यापीठातल्या तिच्या माणसांसाठी लिहीत होती. त्यात राग नव्हता. पण परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटलं खरं. मग एक दिवस वर्तमानपत्रात आलं की विद्यापीठात बाहेरच्यांसाठी वर्ग आहे, आकारिक तर्कशास्त्र, मंगळवार-गुरुवार सकाळी नऊ ते अकरा, वयाची अट नाही. त्यानं नाव घातलं. कुणाला ते पान दाखवून अर्थ विचारता आला असता, पण बायकोचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं हे त्याला पटेना. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईबरोबर एवढी वर्षं काढून तुम्हाला कधी लॉजिक आलं नाही, आता काय येणार?" तो म्हणाला, "आईला तरी कुठं लिफ्ट दुरुस्त करता यायची? चाललं की." मुलगी हसली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला, मग दोघांनी हवापाण्याचं बोलून फोन ठेवला.

तास संपल्यावर तो बाईंच्या टेबलाशी गेला. बाई म्हणजे तशी पोरगीच, मुलीच्या वयाची, पण वर्गात सगळे बाई म्हणत म्हणून तोही म्हणायचा. "बाई, ते लिफ्टचं. कुणाचं उदाहरण?" त्या डस्टर झटकत म्हणाल्या, "आमच्या बाईंचं. म्हणजे त्याही म्हणायच्या की माझं नाही, आमच्या घरच्या मेकॅनिकचं. त्यांचे मिस्टर लिफ्टमध्ये होते. आम्ही गंमत करायचो, की बाईंनी लग्न उदाहरणाशी केलंय." त्या हसल्या, मग जरा थांबल्या. "शेवटच्या तासाला तर त्यांनी पहिल्या बाकावर कडेच्या जागेवर स्वतःची पर्स ठेवली होती. इथं कुणी बसू नका म्हणाल्या. कुणी आलंच नाही. तास संपला, पर्स उचलली आणि गेल्या. कुणासाठी ठेवली होती, आम्हाला विचारायचा धीर झाला नाही. का हो काका?" तो म्हणाला, "काही नाही. उदाहरण चांगलं आहे." आणि जिना उतरला. लिफ्ट होती तिथं, चांगली चालणारी. पण त्याला पायऱ्या हव्या होत्या. मागे कुठंतरी बस, असं ती म्हणाली होती. जागा मात्र पहिल्या बाकावर धरली होती. येणार नाही असं वाटणाऱ्या माणसासाठी कुणी जागा धरत नाही. की धरतं?

घरी येऊन त्यानं पान्ह्यांखालून वही काढली आणि या वेळी पहिल्या पानावर उघडली. कुठलंही मशीन खोलताना पहिला स्क्रू कुठला ते बघावं, हे तो हाताखालच्या पोरांना शिकवत आला, आणि स्वतः मात्र शेवटापासून सुरुवात करून सात महिने घालवून बसला होता. पहिल्या पानावर सरळ मराठीत लिहिलं होतं: "द: दार उघडं आहे. थ: लिफ्ट थांबलेली आहे. मेकॅनिक, हे तू मला सांगितलंस. आता तुझंच तुला परत देते. एका दिवशी एकच पान. उड्या मारायच्या नाहीत." तो खुर्चीवर बसला. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलाच्या त्या बाजूला पडलं होतं जिथं ती वह्या तपासायची. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बराच वेळ त्याला ते पान दिसत नव्हतं.

एकूण पानं एकवीस. त्यानं उड्या मारल्या नाहीत. सकाळी वर्ग असेल तर वर्ग, नाहीतर सकाळीच वही. प्रत्येक पानाखाली तिनं एक गणित दिलं होतं आणि शेजारी "चुकलास तर चूक, घाबरू नकोस" असं काहीतरी. चौथ्या पानावर चार स्थितींचा तक्ता होता आणि त्यातल्या एकाच ओळीपुढे तिनं पान्हा काढला होता, म्हणजे मेकॅनिकला इथं बोलवा. नवव्या पानापासून उभी रेघ आली. एखादी गोष्ट नुसती "समजा" म्हणून धरायची असेल तर तिथून रेघ सुरू करायची, आणि रेघेच्या आत आहोत तोवर त्या समजुतीवर हवं ते बांधायचं. काम झालं की रेघ खाली बंद करायची. बंद केल्यावर आतलं काहीही बाहेर आणायचं नाही. बाहेर येतं ते फक्त एक जर-तर. जर ते धरलेलं खरं, तर हे. तेवढंच तुझं, आणि तेवढं पक्कं.

नेमकं इथंच तो वर्गात चुकत राहिला. गृहपाठाचे कागद परत आले की त्याच्या कागदावर लाल वर्तुळ असायचं: गृहीतक उघडं राहिलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, "काका, आतलं गणित तुमचं चोख असतं. पण रेघ बंद न करताच तुम्ही थांबता. तुम्हाला आत राहायला आवडतं का?" शेजारच्या बाकावरची मुलगी, जी रोज त्याच्याकडून खोडरबर घ्यायची, म्हणाली, "काकांना लिफ्टच्या बाहेर यायचं नाहीये, बाई." त्यानं बाईंना मधे एकदा सांगून टाकलं होतं की तो मेकॅनिक आपण, आणि ते ऐकून बाई खुर्चीतच बसल्या होत्या आणि मग सगळ्या वर्गाला कळलं होतं, तेव्हापासून त्याची थट्टा लिफ्टवरूनच व्हायची. त्याला ती आवडायची. पण खरंच, रेघ बंद करताना त्याचा हात अडायचा. घरात तिची चप्पल दाराशी होती. तिचा चष्मा फ्रीजवर, ती नेहमी विसरायची तिथं. हे सगळं त्यानं "समजा" म्हणूनच ठेवलं होतं, आणि त्या समजुतीवर दिवसभर बरंच काही बांधता येत होतं. संध्याकाळी दिवा लावताना तो म्हणायचासुद्धा, "अगं, तो आतल्या खोलीतला बल्ब गेला बघ."

सतराव्या पानावर ती एकदम वेगळंच बोलायला लागली. "आतापर्यंत तू लिफ्टच्या आत उभा राहून बटणं दाबत होतास," तिनं लिहिलं होतं. "नियम वापरले, सिद्धता केल्या. पण लिफ्टवर भरवसा ठेवायचा की नाही, हे आतून कळत नाही. कितीही बटणं दाबली तरी नाही. त्यासाठी टपावर चढावं लागतं आणि तिथून दोर बघावे लागतात. माझा खरा विषय तो. याला अधिसिद्धांत म्हणतात, नाव मोठं आहे, घाबरू नकोस, तू जन्मभर टपावरच बसलायस. टपावरून दोन गोष्टी बघायच्या. एक: जिथं मजलाच नाही अशा ठिकाणी ही लिफ्ट कधीही दार उघडत नाही. म्हणजे खोटं कधी सिद्ध होत नाही. ही निर्दोषता. दोन: इमारतीत असा एकही मजला नाही जिथं ही पोचत नाही. म्हणजे जे जे खरं ते सगळं पायरीपायरीनं सिद्ध होतं. ही पूर्णता. पहिली सोपी. दुसरीला मला वीस वर्षं लागली नीट शिकवायला." त्यानं ते तीनदा वाचलं. जन्मभर टपावरच बसलायस. शिकलेल्यांच्या खोलीबाहेर आपण उभे आहोत असं तो समजत होता, आणि ती त्याला टपावर बघत होती.

विसाव्या पानाला अक्षर फारच घसरलं होतं. त्यावर फक्त चार ओळी.

"प: मी घरी परत येते.
श: मी तुला हे सगळं शिकवते.
क: तुला कळतं.
ब: तू वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसतोस."

आणि एकविसावं, ते शेवटचं पान. वर तीन गोष्टी दिलेल्या: जर प, तर श. जर श, तर क. जर क, तर ब. आता त्याला ते वर्तमानपत्रासारखं वाचता येत होतं. खाली रेघ सुरू: समजा प. म्हणून श. म्हणून क. इथं लेखणी थांबली होती. ब लिहिलेलाच नव्हता. तारीख होती त्या पाचव्या खेपेच्या दुसऱ्या दिवशीची.

तो उठला, पाणी प्यायला, परत बसला. इतके महिने तो या पानापुढे उभा होता तो बंद दारापुढे उभा असल्यासारखा, आणि आत तर त्याच्याचसाठी जागा धरलेली होती, दुसऱ्यांदा. त्यानं पेन्सिलीला टोक केलं. क च्या खाली ब लिहिला. त्याचं अक्षर तिच्या अक्षराशेजारी ठसठशीत, गावठी दिसत होतं. मग हात अडला, नेहमीसारखा. रेघ बंद केली की तिचं घरी येणं रेघेच्या आत राहणार होतं, कायमचं. बाहेर आणता येणार नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा त्यानं दोनदा फिरून येऊ दिला. मग पट्टी लावून, वेल्डिंगची खूण करतात तशी सरळ, त्यानं तळाशी आडवी रेघ मारली आणि रेघेच्या बाहेर लिहिलं: जर प, तर ब.

गुरुवारी त्यानं त्या पानाची नक्कल गृहपाठ म्हणून दिली, अक्षरांचे अर्थही खाली लिहून. तास सुरू व्हायला अवकाश होता. बाईंनी उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. लाल पेन उघडलं, बंद केलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच रेघ बंद केलीत." मग नाक ओढून, शिक्षकाचा आवाज काढायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "पण काका, एक सांगायला हवं. आमच्या बाई असत्या तर त्यांनीही सांगितलं असतं. प तर खोटा ठरला. पहिलं खोटं असेल तर जर-तर तक्त्यात फुकटच खरं होतं. त्याच्यापुढे तुम्ही ब लिहा, नाहीतर चंद्र हिरवा आहे लिहा."

"तक्त्यात फुकट मिळतं," तो म्हणाला. "पण तिनं फुकट घेतलं नाही ना. पायरी पायरी चढत आली होती. मी शेवटची एकच टाकली."

बाईंनी लाल पेन टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "आणि प खोटा, म्हणून ब व्हायलाच हवा असंही नाही. तुम्ही मागच्या बाकावर बसलात तरी नियम मोडत नाही."

"माहीत आहे, बाई. दार बंद असेल तर हलेल, नाही हलेल. मीच सांगितलंय ते."

वर्ग भरायला लागला होता. त्यानं मागच्या बाकावरून आपली पिशवी उचलली, दोन बाकांच्या मधल्या वाटेनं पुढे आला आणि पहिल्या बाकावर कडेच्या जागेशी थांबला. तिथं कुणाचं काही नव्हतं. तरी त्यानं बसण्याआधी त्या जागेवरून एकदा हात फिरवला, कुणाची पर्स बाजूला करावी तसा. मागून ती मुलगी ओरडली, "काका, आज पुढं? मग माझ्या खोडरबरचं काय?"

"पुढं येऊन घेऊन जा," तो म्हणाला आणि बसला. बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, फळ्याकडे वळल्या आणि खडू उचलला.